पोरगं निरीक्षणगृहात आहे? मग भेटीला जा!

विहिरीवरची मोटार चोरल्याच्या नाहीतर मारामारीच्या प्रकरणात एखाद्याचं सोळा वर्षांचं पोरगं पोलिसांनी नेलं, की पारावर चर्चा रंगते आणि त्या घरची माणसं तोंड लपवायला लागतात. बाप रागानं म्हणतो, "राहू दे तिकडंच, अक्कल येईल." शेतकरी बंधूंनो, राग समजण्यासारखा आहे, पण तुम्ही गेला नाहीत तर पोराचा मुक्काम उगाच लांबू शकतो.

आपण ज्याला अजून रिमांड होम म्हणतो, त्याचं कायद्यातलं नाव निरीक्षणगृह. तो तुरुंग नव्हे. चौकशी चालू असेपर्यंत मुलाला तात्पुरतं ठेवायची ती जागा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढं हजर करावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक तरी महिला. १९८६ च्या कायद्यात मुलग्यांसाठी ही वयोमर्यादा सोळा होती. जुन्या माणसांच्या डोक्यात तीच बसली आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

पहिलं काम वयाच्या पुराव्याचं. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी बघतात. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसेल तरच डॉक्टरी तपासणी, आणि त्यात वय अंदाजानं निघतं. ग्रामसेवक, मुख्याध्यापक मंडळींनी अशा वेळी "उद्या या, परवा या" करू नये. तुमच्या एका कागदावर पोरगं कुठल्या दारानं जाणार, हे ठरतं.

दुसरं काम जामिनाचं. या कायद्यात जामीन देणं हाच नियम आहे. सुटल्यावर मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला किंवा वर्तनाला धोका होईल, नाहीतर न्यायाचा हेतूच फसेल, असं वाटलं तरच मंडळ नाकारतं. आता बघा, घरचं कुणी तारखेला उभंच नाही, तर मंडळानं मुलगा सोपवायचा कुणाच्या हाती? जामीन मिळूनही अटी सात दिवसांत पुऱ्या झाल्या नाहीत, तर त्या बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढं नेतात. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. तिथं मुलाला वकील फुकट मिळतो. दलालाच्या नादी लागू नका.

आता भेटीचं. दिवस आणि वेळ गृहाचे अधीक्षक ठरवतात, म्हणून एस.टी.त बसायच्या आधी फोन करा. नाहीतर मजुरीही बुडते आणि दारावरून परत यावं लागतं. आपलं ओळखपत्र आणि नातं दाखवणारा कागद, रेशनकार्ड म्हणा, जवळ ठेवा. घरचा डबा आत घेतात का, तेही विचारून घ्या. पत्रावर बंदी नाही. केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांत तर मुलानं महिन्याला एक तरी पत्र घरी लिहावं आणि टपालखर्च संस्थेनं करावा, असं म्हटलं आहे. घरी वाचणारं कुणी नसेल तर शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्या, पण उत्तर धाडा.

भेटीत पोराला झापायला सुरुवात करू नका. खातो का, झोप लागते का, कुणी मारतं का, हे विचारा. अंगावर वळ दिसला तर अधीक्षकांना सांगा, आणि मंडळापुढंही सांगा.

परिविक्षा अधिकारी घरची चौकशी करून मंडळाला अहवाल देतो. तो गावात येईल तेव्हा सरपंच, पोलीस पाटलांनी ऐकीव गोष्टी पुढं करू नयेत. घरची परिस्थिती, शाळा का सुटली, संगत कुणाची, हे खरं तेवढं सांगावं. जुन्या भांडणाचा सूड इथं काढणारेही असतात!

मुलाचं नाव, फोटो, गाव छापायला कायद्यानं बंदी आहे. मोबाईलवर त्याचा फोटो फिरवणाऱ्या तरुण मंडळींना पोलीस पाटलांनीच आवरावं. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांना ती नोंद उघड करता येत नाही.