सुईचा घसारा

बँकेच्या ताळेबंदात ‘घसारा’ हा शब्द आम्ही हजारदा लिहिला असेल. पण वस्तू घासून झिजते म्हणजे काय, हे पाहायचे तर रेकॉर्ड प्लेअरची सुई पाहावी. जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई एक बाजू वाजली की बदलायची; तिचे कुणाला काय दुःख! एलपीची सुई मात्र हिऱ्याची, आणि तिला धरणारे कार्ट्रिज हाताने घडवलेले असले तर किंमत लाखांत जाते. जपानच्या योशिआकी सुगानो यांनी आपल्या कार्ट्रिजना होनआमी कोएत्सु (१५५८-१६३७) या थोर कलावंताचे नाव दिले. बाहेरची खोळ लाकडाची, कधी चक्क दगडाची. आत केसाहून बारीक तारेची वेटोळी. सुईबरोबर ती थरथरतात आणि वीज निर्माण होते, ती व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही कमी!

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या एका स्नेह्यांकडे असे हातघडणीचे कार्ट्रिज आहे. सुईचा भार ते इवल्याशा काट्यावर तोलतात. सुमारे २ ग्रॅम. ब्रश मागून पुढेच फिरवायचा, आडवा लागला तर दांडीच मोडायची. पावसाळ्यात रेकॉर्डला बुरशी धरते, ती पुसल्याशिवाय सुई टेकवत नाहीत. साध्या कार्ट्रिजची सुई घरी बदलता येते. हे मात्र कारागिराकडेच धाडावे लागते.

सुईचे आयुष्य १,००० तास धरले, एलपी ४० मिनिटांची, तर १,५०० वेळा वाजेल. रोज एक म्हटली तर चार वर्षे. हा हिशेब मांडल्यापासून स्नेही महिन्याच्या पहिल्या रविवारीच रेकॉर्ड लावतात. आमचे भांडण आहे ते इथे. डबीत हिरा शाबूत राहील, पण दांडीला पेलणारे रबर वयानेच कडक होत जाते. म्हणजे न वाजवताही घसारा चालूच!

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर गेलेल्या सोनेरी तबकडीत गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि सोबत कार्ट्रिज व सुईही. केसरबाई त्याच वर्षी गेल्या. ती सुई ऐकणारा भेटेपर्यंत थांबणार, तिथे इलाज नाही. अंबरनाथचा ऐकणारा सत्तरीला टेकला आहे, हे मी त्यांना स्पष्ट बोललो. ते नुसते हसले.

गेल्या महिन्यात मात्र दुसऱ्याच रविवारी फोन आला, ‘‘अहो, येताय ना? मन्सूरअण्णा लावतोय.’’