पडद्यापासून कानापर्यंत : मुक्त संगणकप्रणाली आणि खानदेश

संगणक सुरू होताच जी मूळ आज्ञावली त्याच्या सर्व भागांचा ताबा घेते आणि इतर प्रोग्रॅम चालवते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही अशी एका कंपनीच्या मालकीची प्रणाली आहे, तर लिनक्ससारख्या प्रणालीचा मूळ कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या आज्ञा, कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येत असल्याने तिला मुक्तस्रोत म्हटले जाते. अशी प्रणाली बहुधा विनामूल्य मिळते, हा तिचा लगेच डोळ्यांत भरणारा गुण; पण दिव्यांग वापरकर्त्याच्या दृष्टीने त्याहून मोलाचा आहे तो तिच्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार, कारण ज्या गरजेत बाजाराला नफा दिसत नाही ती पुरी करण्याची वाट या अधिकारामुळे खुली राहते. खानदेशातल्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत, जिथे मराठीबरोबर अहिराणी आणि लेवा गणबोली नांदतात, अशा गरजा थोड्या नाहीत.

जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प दिव्यांग विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षांचे निवासी प्रशिक्षण देतो. अशा विद्यार्थ्यापुढे लेखनिकाच्या मदतीने उत्तरे लिहिण्याचा मार्ग असतोच; शिवाय केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी लेखी परीक्षेसाठी ब्रेल, मोठा टाइप आणि संगणक असे पर्यायही मान्य केले. मात्र संगणकाचा पर्याय खरा ठरण्यासाठी तो संगणक बोलता असावा लागतो. पडद्यावरील मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमला स्क्रीन रीडर म्हणतात. अशा प्रोग्रॅमांपैकी जुना आणि नावाजलेला ‘जॉज’ फक्त विंडोजवर चालतो आणि त्याच्या परवान्यासाठी हजारो रुपये मोजावे लागतात. ‘एनव्हीडीए’ हा ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध प्रोग्रॅमरांनी उभा केलेला मुक्तस्रोत स्क्रीन रीडर. करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या या कामामुळे खर्चाची अडचण बरीच सुटली, तरी त्याखालची विंडोज ही प्रणाली मालकीचीच राहिली.

या क्षेत्राच्या इतिहासातले एक महत्त्वाचे नाव महाराष्ट्रातले आहे. पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी आणि आयआयटी मुंबईतून संगणकशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून १९९४ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १९९५ मध्ये ‘ईमॅकस्पीक’ हा मुक्तस्रोत प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. पडद्यावर जे दिसते ते ओळीने वाचून दाखवणे पुरेसे नाही, प्रोग्रॅमला स्वतःच्या मजकुराचा अर्थ ठाऊक असतो आणि तो अर्थच त्याने बोलून सांगावा, ही त्यामागची भूमिका होती. दिनदर्शिका उघडली असता नुसते ‘१४’ ऐकून अंध व्यक्तीला फारसा बोध होत नाही. वार, महिना आणि वर्ष मिळूनच ती तारीख होते. पुढे गूगलमध्ये रामन यांनी चार्ल्स चेन यांच्याबरोबर अँड्रॉइड या फोनच्या प्रणालीच्या सुगम्यतेवर, म्हणजे दिव्यांगांनाही ती वापरता यावी यासाठीच्या सोयींवर, काम केले आणि २००९ मध्ये ‘टॉकबॅक’ हा फोनचा स्क्रीन रीडर उपलब्ध झाला. ज्यांचा पहिला संगणक म्हणजे हातातला फोन, अशा ग्रामीण वापरकर्त्यांच्या दृष्टीने हा टप्पा विशेष महत्त्वाचा ठरतो.

लिनक्सच्या चित्रमय पडद्यावर हेच काम ‘ऑर्का’ करतो. प्रत्येक खिडकी, बटण किंवा रकाना आपली भूमिका, नाव आणि स्थिती प्रणालीला कळवतो. ‘एटी-एसपीआय’ नावाची यंत्रणा ती माहिती ऑर्काकडे नेते, ऑर्का तिचे वाक्य बनवतो आणि लिखित मजकुराचा आवाज करणारा ‘ईस्पीक’सारखा वाचासंश्लेषक ते वाक्य उच्चारतो. या मालिकेतला एक दुवा निखळला, उदाहरणार्थ प्रोग्रॅमरने बटणाला नावच दिले नाही, तर ऐकणाऱ्याला फक्त ‘बटण’ एवढेच ऐकू येते. ऑर्काचे काम सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत सुरू झाले होते. २०१० मध्ये ती कंपनी ओरॅकलने घेतल्यावर तिथल्या सुगम्यता विभागाला कात्री लागली, परंतु कोड मुक्त असल्यामुळे जोनमेरी डिग्ज आणि इतर विकसकांना तो पुढे नेता आला. अशी कामे किती थोड्या माणसांच्या आधारावर तगून असतात, हेही या प्रसंगाने दाखवून दिले.

मराठीपुरता विचार केल्यास आवाजाचा दुवा अजून कच्चा आहे. ईस्पीक नियमांच्या साहाय्याने ध्वनी कृत्रिमरीत्या घडवतो, त्यामुळे तो अगदी कमी जागेत शंभराहून अधिक भाषा, त्यांत मराठीही, बोलू शकतो आणि वेग वाढवला तरी स्पष्ट राहतो. मात्र त्याचा स्वर यांत्रिक वाटतो. शिवाय मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार असून लिपीत ते वेगळे दाखवले जात नाहीत, म्हणून असे शब्द नियमांत आणि शब्दकोशात अपवाद म्हणून नोंदवावे लागतात. अहिराणीही देवनागरीत लिहिली जाते, पण तो मजकूर मराठीच्या नियमांनी वाचला की बोलीचा सूर हरवतो. ईस्पीकचे नियम साध्या मजकूर-फायलींत असल्यामुळे बोलीचा जाणकार आणि थोडे तंत्र शिकलेला विद्यार्थी मिळून त्यांत भर घालू शकतात. मालकीच्या आवाजाबाबत कंपनीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

त्याहून मोठा अडथळा प्रणालीच्या बाहेर, मजकुरात आहे. छपाईच्या कामांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. डोळ्याला मराठी दिसते, पण स्क्रीन रीडर त्याजागी निरर्थक रोमन अक्षरे वाचतो. प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये तोच मजकूर टंकित केला, तर ही अडचण उरत नाही. स्कॅन करून ठेवलेले परिपत्रक किंवा प्रश्नसंच म्हणजे यंत्राच्या लेखी नुसते चित्र. त्यातला मजकूर ओळखण्यासाठी ‘टेसरॅक्ट’ हे मराठी जाणणारे मुक्तस्रोत साधन आहे, पण पुसट छपाईवर त्याच्याही चुका वाढतात.

सुगम्यता केवळ दृष्टीपुरती नसते. दोन बटणे एकाच वेळी दाबता न येणाऱ्यांसाठी ती एकामागून एक दाबण्याची सोय, कंप असलेल्या हातासाठी चुकून पुन्हा दाबलेली कळ दुर्लक्षिण्याची सोय, पडद्यावरचा कळफलक, कर्णबधिरांसाठी आवाजाऐवजी पडद्याची उघडझाप अशा सोयी लिनक्समध्ये मिळतात. डेबियन या लिनक्सच्या एका रूपात तर, २०१३ मधल्या सातव्या आवृत्तीपासून, प्रणाली बसवतानाच, सुरुवातीचा ‘बीप’ ऐकून ‘एस’ आणि एंटर दाबले की संगणक बोलू लागतो, त्यामुळे अंध व्यक्ती ती कोणाच्या मदतीशिवाय बसवू शकते. उलट, पडदा हाताळणारी जुनी ‘एक्स’ यंत्रणा सोडून सुरक्षिततेसाठी ‘वेलँड’ आणताना एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या कळा ऐकण्यास मनाई झाली आणि त्या मनाईत ऑर्काही सापडला. आधी रचना करून सुगम्यता मागाहून जोडली की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ माहिती आणि तंत्रज्ञान सुगम असण्याचे बंधन घालतो, आणि राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवून अनिवार्य नियम करण्यास केंद्राला सांगितले. तरीही केवळ कायद्याने सारे साधत नाही. ऑर्काचा कोड दुरुस्त करणारे जगात कुठेही असू शकतात. जळगावचा प्रश्नसंच युनिकोडमध्ये टंकित करणे, धुळ्याच्या महाविद्यालयाची सूचना स्कॅनऐवजी वाचता येईल अशा फायलीत देणे आणि अहिराणीचे उच्चार नोंदवणे ही कामे मात्र इथल्याच माणसांना करावी लागतील. केरळने शासकीय शाळांत मुक्तस्रोत प्रणाली रुजवली आणि तिथल्याच विकसकांनी अंधांसाठी ‘ॲक्सेसिबल कोकोनट’ ही प्रणाली तयार केली. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सामाईक आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही कामे आली, तर त्यांतून तयार होणारे नियम आणि शब्दकोश मूळ प्रणालीत समाविष्ट होऊन जगभरातल्या मराठी वापरकर्त्यांनाही मिळू शकतील.