कलावंत अध्यापक आणि विद्यापीठीय अध्यापन : रायपूर परिसरातील काही दाखले

सर्जनशील कलावंत विद्यापीठात शिकवू लागतो तेव्हा तो वर्गात नेमके काय घेऊन येतो, या प्रश्नाची चर्चा बहुधा आयोवा विद्यापीठाने १९३६ मध्ये सुरू केलेल्या लेखनकार्यशाळेपासून केली जाते. भारतीय विद्यापीठांच्या संदर्भात हा आरंभबिंदू फारसा उपयोगी पडत नाही. येथे कवीची नेमणूक कवी म्हणून होत नाही, ती एखाद्या विषयाचा अध्यापक म्हणून होते. त्याची निर्मिती वर्गात येते ती आडवाटेने. ही आडवाट कशी असते हे पाहण्यासाठी रायपूर आणि त्याच्या पश्चिमेकडील राजनांदगाव-खैरागढ हा टापू विशेष उद्बोधक आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच तो मोडत असे, आणि त्यामुळे मराठी अभ्यासकाला तो परका नाही.

खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ मध्ये स्थापन झाले. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर कुलगुरू होते. ते भातखंडे यांचे शिष्य, फैयाज खाँसाहेबांकडे तालीम घेतलेले गायक आणि ‘सुजान’ या मुद्रेने बंदिशी बांधणारे वाग्गेयकार. ‘अभिनव गीतमंजरी’त संगृहीत झालेल्या त्यांच्या रचना पाहिल्या म्हणजे संगीतातील प्रश्न साहित्यापेक्षा किती सोपा आहे हे ध्यानात येते. बंदिश ही एकाच वेळी कलाकृती असते आणि पाठही. रागाचे चलन, वादी-संवादी, वर्ज्य स्वर हे सारे तिच्या बांधणीत असते. विद्यार्थी ती गातो तेव्हाच तो रागाचे शास्त्र शिकत असतो. स्वरलिपीत उतरलेली बंदिश परीक्षेच्या उत्तरासारखी पाठ होण्याचा धोका अर्थातच राहतो. परंतु रचनाकार आणि शिक्षक यांच्यात फट पडत नाही. साहित्यात ती पडते.

गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदीचे अध्यापक म्हणून आले आणि १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच महाविद्यालयाचे राहिले. त्यांच्या घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कविता आणि कादंबऱ्या लिहीत होते व नागपुरात मराठी शिकवीत होते. दोघेही भाऊ कवी, दोघेही अध्यापक आणि दोघांनीही निर्मितिप्रक्रियेवर व साहित्यमूल्यावर सैद्धान्तिक लेखन केले. शरच्चंद्रांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच घरातून दोन भाषांच्या समीक्षेत गेलेल्या या विचाराचा एकत्रित अभ्यास अपेक्षेइतका झालेला नाही, ही खेदाची बाब होय.

कवीचा अनुभव अध्यापकाच्या हाती कोणते साधन देतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘कामायनी : एक पुनर्विचार’ (१९६१). जयशंकर प्रसाद यांचे ‘कामायनी’ हे महाकाव्य हिंदीच्या अभ्यासक्रमातील जणू अढळपद. त्यातील मनू, श्रद्धा, इडा यांची पुराणकथा आणि तिच्यातील रूपकात्म दर्शन समजावून देणे ही वर्गातील रूढ रीत होती. मुक्तिबोधांनी ती नाकारली. ‘कामायनी’ ही एक विशाल फँटसी आहे आणि तिच्या आडून लेखकाने आपल्याच काळातील जीवनसमस्या मांडल्या आहेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. हे त्यांना दिसले ते केवळ मार्क्सवादी दृष्टीमुळे नव्हे. ते स्वतः फँटसीच्या रीतीने कविता लिहीत होते. फँटसी अनुभवाला कशी झाकते आणि झाकताना कशी उघडी करते हे त्यांना आतून ठाऊक होते. या विषयावरील त्यांचे चिंतन राजनांदगावला येण्यापूर्वीच सुरू झाले होते. म्हणजे वर्गाने समीक्षेला जन्म दिला असे म्हणता येत नाही. कवितेने घडवलेली दृष्टी वर्गात नेमलेल्या ग्रंथावर पडली, इतकेच म्हणणे अधिक युक्त.

‘एक साहित्यिक की डायरी’मधील कलेच्या तीन क्षणांची उपपत्तीही अशीच. अनुभवाचा उत्कट क्षण, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून फँटसीचे रूप घेतो तो क्षण आणि शब्दबद्ध होण्याच्या प्रक्रियेचा क्षण, अशी ही मांडणी. मूळ लेखन संवादाच्या घाटाचे, शंका घेत पुढे जाणारे आहे. आज हिंदीच्या पदव्युत्तर परीक्षेत तिचे तीन मुद्दे होतात.

ज्ञान पुढे देण्याचे ओझे किती जड असते याची कथा मुक्तिबोधांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’मधील विद्यार्थी बारा वर्षे एका निर्जन भासणाऱ्या वाड्यात शिकतो. निरोपाच्या वेळी गुरू ब्रह्मराक्षस असल्याचे त्याला कळते. आपली विद्या घेणारा योग्य शिष्य न भेटल्यामुळे या गुरूला मुक्ती मिळाली नव्हती. आता तेच दायित्व शिष्यावर येते.

मुक्तिबोधांनी पाठ्यपुस्तकही लिहिले. त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पुस्तकावर १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. कवितेकडे सहसा न वळणारी शासनाची नजर त्याच लेखकाच्या पाठ्यपुस्तकाकडे मात्र तत्काळ वळली.

विद्यापीठाबाहेरचा एक दाखला येथे टाळता येत नाही. रायपूरचे सुपुत्र हबीब तन्वीर इंग्लंडमध्ये नाट्यशिक्षण घेऊन आलेले. १९७३ मध्ये रायपूरला नाचा कलावंतांची कार्यशाळा घेताना त्यांनी नटांना त्यांच्याच छत्तीसगढी बोलीत आणि त्यांच्याच चालीने उभे राहू दिले. त्यातून ‘गाँव के नाँव ससुरार, मोर नाँव दमाद’ हे नाटक उभे राहिले. येथे शिकण्याची अधिक गरज शिक्षकालाच होती.

विनोदकुमार शुक्ल यांचा दाखला सर्वांत चमत्कारिक. राजनांदगावच्या या तरुणाच्या कविता मुक्तिबोधांनी वाचल्या आणि ‘कृती’ या मासिकाकडे पाठवल्या. हा शिष्य मुक्तिबोधांच्या हजेरीपटावर नव्हता. त्याचे शिक्षण कृषिशास्त्राचे. पुढे शुक्ल रायपूरच्या कृषी महाविद्यालयात अध्यापक झाले. ‘नौकर की कमीज़’ (१९७९) आणि १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारी ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या कादंबऱ्या त्याच नोकरीच्या काळात आकाराला आल्या. ‘नौकर की कमीज़’चा नायक कारकून आहे, दुसऱ्या कादंबरीचा नायक रघुवर प्रसाद महाविद्यालयीन अध्यापक. शुक्ल यांच्याबाबत निर्मिती वर्गात गेली नाही, वर्गच निर्मितीत आला. २०२४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने सन्मानित झालेले शुक्ल डिसेंबर २०२५ मध्ये रायपूर येथे निवर्तले. त्यांच्या कादंबऱ्या साहित्याचे विद्यार्थी अभ्यासतात. त्यांचा स्वतःचा अध्यापनाचा विषय कृषिविस्तार हा होता.