स्टिअरिंगचा ‘प्ले’ आणि जुन्या ट्रकची दुसरी उमेद

चिकलठाणा : जुना ट्रक थकला आहे, हे इंजिनाच्या धुराआधी चालकाच्या हातांना कळते. स्टिअरिंग चार बोटे फिरले तरी चाके जागची हलत नाहीत, खड्डा ओलांडताच पुढची चाके थरथरू लागतात, ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते. चालकांच्या भाषेत याला ‘प्ले आला’ असे म्हणतात. रिकामा ट्रक असेपर्यंत हा प्ले केवळ त्रासदायक असतो. घाटातून भरल्या मालानिशी उतरताना मात्र तोच जिवावर बेतू शकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील ९८ व्या नियमानेही स्टिअरिंगच्या या मोकळ्या फेऱ्यावर ३० अंशांची मर्यादा घातली आहे. म्हणूनच जुन्या ट्रकच्या ‘पुढच्या कामा’ला, म्हणजे पाटे, किंग पिन आणि स्टिअरिंग यांच्या पुनर्बांधणीला, मोठे महत्त्व आहे.

अवजड वाहनांची दुरुस्ती चिकलठाण्याला नवी नाही. दापोडी आणि हिंगणा यांच्या जोडीने एसटी महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा येथे आहे. त्याआधीही, १९३२ मध्ये, निजामाच्या रेल्वेने आपल्या राज्यात बससेवा सुरू केली होती आणि मराठवाडा त्याच राज्याचा भाग होता. एसटीची साधी बस आणि ट्रक यांच्या पुढच्या भागाची घडण मुळात एकाच जातीची आहे. घडीव पोलादाचा सलग आस, त्यावर दोन बाजूंना पाट्यांचे संच आणि दोन टोकांना किंग पिनवर वळणारी चाके, अशी ती रचना होय. १९५४ मध्ये टेल्को आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांच्यात करार झाला आणि टाटा-मर्सिडीझ ट्रक भारतीय रस्त्यांवर आले. १९६९ मध्ये हा करार संपला. मर्सिडीझच्या चांदणीच्या जागी टाटांचा ‘टी’ आला, पण पुढच्या आसाचा साचा पुढे कित्येक वर्षे टिकला. त्यामुळे ‘१२१०’ सारख्या जुन्या ट्रकचे काम ज्याला समजले, त्याला अनेक गाड्यांचे काम समजते.

मराठवाड्यातील काळी माती या दुखण्याला हातभार लावते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरच्या डांबरी रस्त्याला त्यामुळे लाटा येतात आणि त्या लाटांचा प्रत्येक धक्का प्रथम पाट्यांवर, नंतर पिनांवर आणि अखेर स्टिअरिंगवर येतो.

आधी निदान, मग हातोडा

प्ले दिसला की अनेकदा थेट स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला जातो. ही सर्वात मोठी चूक होय. पुढचा आस जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवले, तर ढिलाई कोठे आहे ते उमगते. दुसऱ्याने त्याच वेळी ब्रेक दाबून धरावा. हलणे थांबले तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये. तरीही चाक हलत राहिले तर किंग पिन किंवा तिचे बुश झिजलेले असतात. त्यानंतर चाके जमिनीवर असताना एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे फिरवावे आणि दुसऱ्याने खाली बसून ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक आणि टाय रॉडचा प्रत्येक सांधा पाहावा. ड्रॉप आर्म हलतो पण त्यापुढची दांडी हलत नाही, असे दिसले की दोष नेमका त्या सांध्यात असतो.

पाट्यांचे काम

पुनर्बांधणीची सुरुवात पाट्यांपासून होते, कारण गाडीची उंची त्यांच्यावर ठरते आणि पुढची सारी मापे त्या उंचीवर. संच उघडल्यावर प्रत्येक पाटा घासून गंज काढला जातो व तडे तपासले जातात. पाटा बहुधा मध्यभागी, सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी तुटतो. यू-बोल्ट ढिले पडले की पाट्याचा वाक नेमका त्या छिद्रावर येतो, हे त्यामागचे कारण. म्हणून जुने यू-बोल्ट पुन्हा न वापरणे आणि नवे बोल्ट काही किलोमीटर भार वाहून झाल्यावर पुन्हा आवळणे हा नियम पाळावा लागतो.

बसलेल्या पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देता येते, परंतु ती मूळ मापाइतकीच हवी. अधिक माल लादण्याच्या मोहाने जास्तीचे पाटे घातले किंवा कमान वाढवली, तर ड्रॅग लिंकचा कोन बदलतो. मग खड्ड्यात पाटा दबताच स्टिअरिंगला हात न लावताही चाके वळू लागतात. शॅकलच्या पिना व बुशही याच वेळी बदलावे लागतात. पाटा दबला की त्याची लांबी वाढते आणि ती वाढ सामावून घेण्याचे काम शॅकलकडे असते. शॅकल गंजून जाम झाली, तर उत्तम पाटाही दगडासारखा वागतो.

किंग पिन : कामाचा गाभा

आसाच्या टोकातील डोळ्यात किंग पिन घट्ट बसते आणि चाक धरणारा स्टब अ‍ॅक्सल तिच्याभोवती वळतो. पिन अडवणारी निमुळती खीळ काढून पिन बाहेर काढणे हेच अनेकदा दिवसभराचे काम ठरते. वर्षानुवर्षे ग्रीस न मिळालेली पिन हातोड्याला दाद देत नाही. अशा वेळी गॅसने आस तापवण्याचा मोह आवरावा लागतो. घडीव आसाला दिलेले पाणी त्या उष्णतेने उतरते आणि पोलाद कमकुवत होते. वाकलेला आस तापवून सरळ करणेही याच कारणाने घातक मानले जाते.

नवे बुश ठोकून नव्हे, तर दाबून बसवायचे असतात. बुशचे छिद्र ग्रीस निपलच्या वाटेशी जुळले नाही, तर ग्रीस आत पोचतच नाही आणि नवे कामही अल्पावधीत झिजते. वरचा व खालचा बुश एकाच सरळ रेषेत यावा यासाठी लांब रीमर दोन्हींतून एकदम फिरवला जातो. पिन तळहाताच्या दाबाने सरकावी, पण हलू नये, ही अनुभवी कारागिराची कसोटी. ट्रकच्या पुढच्या भागाचा भार खालच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. ते उलटे बसले तर स्टिअरिंग जड होते. वरची फट योग्य जाडीच्या शिमने भरली जाते.

स्टिअरिंग आणि अखेरचे माप

सांध्यांचे बॉल एंड झिजले असतील तर बदलणे हाच उपाय. प्रत्येक नटात नवी स्प्लिट पिन हवी. चार-आठ आण्यांच्या वस्तूसाठी जुनी पिन सरळ करून वापरली जाते आणि नट सुटला की स्टिअरिंग हातात राहते, चाके मात्र आपल्या मार्गाने जातात. बॉक्स सर्वाधिक झिजतो तो मधल्या भागात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. म्हणून प्ले काढताना चाके सरळ ठेवून स्क्रू आवळावा आणि मग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून स्टिअरिंग कोठे अडखळत नाही, याची खात्री करावी. अडखळले तर आतले भाग बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

सर्वांत शेवटी ‘टो-इन’. चाकांची पुढची कडा मागच्या कडेपेक्षा काही मिलिमीटर आत असावी लागते आणि टाय रॉड फिरवून हे माप साधते. ते बिघडले की टायर एका कडेने खाल्ला जातो. झिजलेल्या पिनांवर घेतलेले अलाइनमेंट म्हणजे वाळूवर मारलेली रेघ. म्हणूनच हे काम शेवटी करायचे.

दुरुस्ती की भंगार?

आठ वर्षांवरील मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. पंधरा वर्षांवरील सरकारी व महामंडळांच्या वाहनांचे नोंदणी नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. खासगी मालकापुढे मात्र निवड उरते. चासीला तडे गेले असतील, आस वाकला असेल, तर ट्रक भंगारात देणेच शहाणपणाचे. सांगाडा शाबूत असेल, तर पुढच्या भागाची नीट पुनर्बांधणी जुन्या गाडीला विश्वासार्ह बनवते.

नव्या अवजड वाहनांत पॉवर स्टिअरिंग रुळले आहे. ते हातांचे कष्ट वाचवते, पण झिजलेल्या पिनेची थरथरही चालकापासून लपवते. जुना ट्रक आपली व्यथा थेट तळहातावर मांडतो. ती वेळीच ओळखणे आणि ग्रीस गनचा फेरा न चुकवणे, एवढे जरी पाळले, तरी घाटातला पुढचा वळसा निर्धास्त जाऊ शकतो.