उपटायचं, पण फुलण्याआधी

जळगावच्या मेहरूणचं नाव काढलं की खानदेशी माणसाला आधी आठवतात बोरं आणि मग तलाव. पावसाळ्यात मोकळ्या जागेत उगवणारं गाजरगवत मात्र इथलं नाही. अमेरिका खंडातलं हे तण भारतात ठळकपणे नोंदलं गेलं ते 1955च्या सुमारास, पुण्यात. आयात गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं मानलं जातं.

ते इतकं का माजतं? एकेका झाडाला हजारो बिया धरतात, वाऱ्यापाण्याबरोबर पसरतात आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य आसपासच्या रोपांची उगवण रोखतं. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. परिणामी मारवेल, पवन्यासारखी चाऱ्याची देशी गवतं मागे हटतात.

म्हणून ते उपटण्याच्या श्रमदानाची वेळ फार महत्त्वाची. फुलं येण्याआधी, माती ओली असताना, मुळासकट उपटावं. नुसतं कापलं तर बुडख्यातून पुन्हा फुटतं. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. या गवतानं कातडीला खाज सुटते, दमाही बळावतो. न फुललेल्या झाडांचं कंपोस्ट होतं.

पानांवर पट्टेरी मेक्सिकन भुंगे दिसले, तर तो पट्टा उपटू नका. 1984 साली बंगळुरूत सोडलेले हे भुंगे हीच पानं खातात.

रिकाम्या जागेत टाकळ्याचं बी टाका. तो गाजरगवताला दाबतो. आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा या, कारण मातीतलं बी एका वर्षात संपत नाही.