डीव्हीडी नेमकी कुठे अडते?

व्हिडिओची डीव्हीडी बनवणे हे बघणाऱ्याला एकच काम वाटते. प्रत्यक्षात ती तीन कामे आहेत. आधी मूळ व्हिडिओचे डीव्हीडीला चालणाऱ्या एमपेग-2 स्वरूपात रूपांतर होते. त्याला एन्कोडिंग म्हणतात. मग त्यातून मेनू आणि प्रकरणे जोडून ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचे फोल्डर तयार होते, हे ऑथरिंग. आणि सगळ्यात शेवटी लेसर ते फोल्डर कोऱ्या डिस्कवर उतरवतो. ‘डीव्हीडी राइट करणे’ म्हणजे खरे तर एवढा शेवटचा भाग. पण बरीच सॉफ्टवेअर ही तिन्ही कामे एकाच सरकत्या पट्टीवर दाखवतात आणि घोळ तिथून सुरू होतो. पट्टी अडकली की दोष डिस्कच्या माथी मारला जातो, दुसरी डिस्क घातली जाते, ट्रे पुन्हा आत जातो आणि तीच एरर पुन्हा येते. म्हणून चुकले काय हे शोधण्याआधी अडले कुठे ते पाहावे लागते.

ते डोळ्यांनीही कळते. डिस्क बाहेर काढून तिची खालची बाजू उजेडात तिरकी धरावी. कोरी डिस्क एकसारखी जांभळट दिसते. राइट झालेला भाग मधल्या भोकाजवळून सुरू होऊन कडेकडे पसरतो आणि त्याची छटा किंचित वेगळी, बहुधा गडद असते. छटा बदललेलीच नसेल तर लेसर कामाला लागण्याआधीच गाडी अडली आहे. डिस्क जवळजवळ नक्कीच कोरी असते आणि पुन्हा वापरता येते. गडद कडे मध्येच तुटले असेल तर बिघाड राइट करताना झाला, आणि एकदाच लिहिता येणारी ती डिस्क वाया गेली. कडे पूर्ण आहे पण डिस्क वाजत नाही, हा तिसरा प्रकार.

या तिन्ही शक्यता वेगळ्या करायचा साधा उपाय म्हणजे थेट डिस्कवर न जाता आधी हार्ड डिस्कवर आयएसओ इमेज (सगळी डिस्क एकाच फाइलमध्ये) किंवा फोल्डर तयार करणे. ते व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये मेनूपासून शेवटपर्यंत चालवून पाहावे. नीट चालले तर एन्कोडिंग आणि ऑथरिंग निर्दोष, आणि यापुढची एरर बहुधा डिस्कची, ड्राइव्हची, केबलची किंवा संगणकाची. एवढे केले तरी निम्मी डोकेदुखी संपते.

इमेज तयार होतानाच काम थांबत असेल तर पहिला संशय जागेवर घ्यावा. दोन तासांच्या चित्रफितीसाठी रूपांतरित फाइल, फोल्डर आणि इमेज मिळून तेरा-चौदा जीबी लागू शकतात, आणि सॉफ्टवेअर ही तात्पुरती जागा बहुधा सी ड्राइव्हवरच घेते. हार्ड डिस्कवर जागा भरपूर आहे आणि तरी ‘डिस्क फुल’ असा संदेश येतो, तेव्हा ती डिस्क फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेली असण्याचा संभव असतो. या पद्धतीत एका फाइलला 4 जीबीची मर्यादा आहे. काठोकाठ भरलेल्या डीव्हीडीची इमेज त्याहून मोठी होते. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर हीच इमेज मुकाट्याने तयार होते.

मराठी वापरकर्त्याच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. ‘ताईचं लग्न’ अशा देवनागरी नावाच्या फोल्डरमधली फाइल युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या ऑथरिंग सॉफ्टवेअरला नुसती प्रश्नचिन्हांची रांग दिसते, आणि ‘फाइल सापडत नाही’ म्हणून ते थांबते. फाइल आणि फोल्डर यांची नावे रोमन लिपीत, छोटी आणि चिन्हांविना ठेवली की काम सुरळीत होते. मेनूवरच्या देवनागरी शीर्षकाचीही अशीच गत: जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते. तिथे शीर्षकाचे चित्र वेगळे बनवून तेच मेनूची पार्श्वभूमी म्हणून लावणे बरे.

मूळ फाइलचे दोष मात्र एरर दाखवत नाहीत, ते पडद्यावर दिसतात. डीव्हीडीच्या नियमांत बसण्यासाठी भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीत चित्र 720 गुणिले 576 बिंदूंचे, सेकंदाला 25 फ्रेमचे आणि आवाज 48 किलोहर्ट्झचा लागतो. मोबाइलवर केलेल्या चित्रणात फ्रेमचा वेग स्थिर नसतो. उजेड कमी झाला की फोन तो आपोआप उतरवतो. अशी फाइल तशीच दिली की सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, पण अर्ध्या तासाने, लग्नाचे चित्रण असेल तर, भटजींचे मंत्र ओठांच्या पुढे धावू लागतात. आधी हँडब्रेकसारख्या साधनाने स्थिर फ्रेमदराची प्रत काढून मग ऑथरिंग करावे. जुन्या मिनीडीव्ही टेपवरून घेतलेल्या चित्रणाची गोष्ट निराळी. त्यात प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत नोंदलेली असते आणि ‘खालचा’ म्हटला जाणारा भाग आधी येतो. सॉफ्टवेअरने हा क्रम उलटा धरला तर स्थिर चेहरा ठीक दिसतो, पण कॅमेरा फिरला की सगळे थरथरते.

मग येतो मापाचा प्रश्न. पाकिटावर 4.7 जीबी लिहिलेले असते, विंडोज तीच जागा 4.38 जीबी दाखवते; फरक फक्त मोजण्याच्या रीतीचा आहे. दोन तासांचा कार्यक्रम या जागेत बसवायचा तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साधारण 5.2 मेगाबिट एवढाच दर परवडतो, आणि त्यात चित्र चांगले दिसते. तीन तास कोंबले की दर 3.5 च्या खाली येतो. वधूवर स्तब्ध उभे असताना ते खपते, पण अक्षता पडू लागल्या की प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने हलतो, एन्कोडरला बिट पुरत नाहीत आणि पडद्यावर चौकोन फुटतात. अशा वेळी दोन डिस्क कराव्यात. व्हिडिओ जोडून देणारा मिक्सिंगवाला सांगतो म्हणून एकीवर भागवू नये. तासाभराच्या चित्रणाला याउलट जागा उरते म्हणून दर वाढवण्याचा मोह होतो. नियमाने चित्राचा दर 9.8 मेगाबिटपर्यंत चालतो, पण घरच्या डिस्कवर तो आठच्या आत ठेवलेला बरा, कारण राइट केलेली डिस्क वाचताना जुने प्लेअर त्यापुढे अडखळतात.

माप अगदी काठावर असेल तर आणखी एक बारकावा नडतो. डीव्हीडी-आर या डिस्कवर 4,707,319,808 बाइट मावतात, डीव्हीडी+आर वर 4,700,372,992. म्हणजे ‘प्लस’ डिस्क जवळपास सात एमबीने लहान. ‘मायनस’साठी काठोकाठ बनवलेली इमेज ‘प्लस’ डिस्क नाकारते.

प्रत्यक्ष राइट करताना शून्य टक्क्यालाच ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ आली तर इमेज तपासत बसू नये. घावन घालण्याआधी तव्यावर पाणी शिंपडून ताप पाहावा, तसा ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या राखीव पट्ट्यात लेसरची ताकद आजमावून पाहतो. योग्य ताकद सापडली नाही की तो माघार घेतो. कारणे ठरलेली: डिस्कचा रंगद्रव्याचा थर हलका, लेन्सवर धूळ, किंवा लेसर वयाने थकलेला. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर तिच्या उत्पादकाचा सांकेतिक क्रमांक असतो आणि इमजबर्न हे राइट करण्याचे सॉफ्टवेअर तो दाखवते. ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या क्रमांकासाठी राइट करण्याची खास रीत नोंदलेली असेल तर काम उत्तम होते, नसेल तर तो सरधोपट रीत वापरतो. पाकिटावरचा ब्रँड एकच असला तरी आतल्या डिस्क वेगवेगळ्या कारखान्यांच्या असू शकतात. त्यामुळे ‘याच कंपनीची मागची डिस्क चालली होती’ हा युक्तिवाद फारसा टिकत नाही. फर्मवेअर अद्ययावत करावे किंवा डिस्क बदलून पाहावी.

यूएसबीवर चालणाऱ्या बारीक रायटरमध्ये हीच लक्षणे वीज अपुरी पडल्याने दिसतात. वाचताना तो व्यवस्थित चालतो, पण राइट करताना लेसरला जास्त करंट लागतो आणि यूएसबी 2 ची 500 मिलिअँपिअरची मर्यादा अपुरी ठरते. मोटर वेग घेते, दमते, पुन्हा वेग घेते. हा आवाज कान देऊन ऐकला तर ओळखू येतो. हब काढून थेट संगणकाच्या पोर्टला किंवा दोन तोंडांच्या केबलने जोडणे हा त्यावर उपाय.

मध्यावर अडणारे काम बहुधा संगणकाकडून अडते. 16एक्स वेगाला डिस्क सेकंदाला सुमारे 22 एमबी गिळते आणि ड्राइव्हचे बफर असते दोनेक एमबीचे, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचीही शिल्लक नाही. बफर रिकामे झाले तर लेसर थांबवून पुन्हा जोडून घेण्याचे तंत्र आता सगळ्या ड्राइव्हमध्ये असते, पण असे सांधे जितके कमी तितके चांगले. अँटिव्हायरसची तपासणी थांबवावी, इमेज पेनड्राइव्हवरून न घेता हार्ड डिस्कवरून द्यावी. जुन्या आयडीई ड्राइव्हच्या बाबतीत विंडोजची एक खोड लक्षात ठेवावी लागते: चुका वारंवार आल्या की ती ड्राइव्हला डीएमए पद्धतीवरून संथ पीआयओवर उतरवते आणि मग 4एक्सचा वेगही झेपत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून तो चॅनेल काढून संगणक पुन्हा सुरू केला की जुनी पद्धत परत येते. ‘सेमाफोर टाइमआउट’ हा संदेश मात्र केबल, यूएसबीचा जोड किंवा कंट्रोलरच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवतो.

वेग किती ठेवावा यावर वाद आहेत. 16एक्सची डिस्क 8एक्सने राइट करणे हा सर्वसाधारण चांगला मध्य. आठ-नऊ मिनिटे लागतात. वेग फार उतरवल्याने दर्जा वाढतोच असे नाही, कारण आजची रंगद्रव्ये जास्त वेगासाठी बेतलेली असतात.

नव्वद टक्क्यांच्या पुढे येणारी एरर सहसा डिस्कच्या कडेची असते. थर तिथेच असमान असतो, बोटांचे ठसे तिथेच पडतात आणि डिस्क चिकटवलेल्या कागदी लेबलामुळे डुगडुगत असेल तर ते तिथेच सर्वाधिक जाणवते. इमेज 4.3 जीबीच्या आत ठेवली की कडेचा तो पट्टा टळतो. डिस्क पुसायची तर मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल पुसल्याने पडणारा ओरखडा एकाच मार्गावरची माहिती सलग खातो.

सगळे पार पडल्यावर व्हेरिफाय करणे, म्हणजे डिस्क इमेजशी ताडून पाहणे, टाळू नये. त्यात ‘सायक्लिक रिडंडन्सी’ची, म्हणजे माहिती नीट वाचता न आल्याची, तक्रार आली तर आधी इमेज स्वतः शाबूत आहे का ते पाहावे.

डिस्क संगणकावर चालते पण टीव्हीच्या प्लेअरवर नाही, अशी तक्रार असेल तर ती डेटा डिस्क आहे का हे प्रथम बघावे. एमपी4 फायली नुसत्या टाकलेली डिस्क अनेक प्लेअरना वाचता येत नाही. त्यानंतर डिस्क फायनलाइझ झाली आहे का, म्हणजे राइट करून बंद केली आहे का, ते तपासावे. जुना प्लेअर डीव्हीडी+आर ओळखत नसेल तर राइट करण्याआधी तिचा बुक टाइप (डिस्कवर नोंदलेला तिचा प्रकार) डीव्हीडी-रॉम असा बदलता येतो, ड्राइव्हची परवानगी असेल तर. डीव्हीडी-आर ला ही सोय नाही. दुहेरी थराच्या 8.5 जीबीच्या डिस्कवर चित्र मध्येच क्षणभर थबकते ते लेसर एका थरावरून दुसऱ्यावर जातो म्हणून. तो बिघाड नाही. पण त्याच जागी प्लेअर कायमचा अडकत असेल तर ऑथरिंगमध्ये लेयर ब्रेक दोन प्रसंगांच्या सांध्यावर सरकवून डिस्क पुन्हा करावी.