छोटा हत्ती आणि भंगाराचे दुकान

टाटा एस हा चारचाकी छोटा मालवाहू ट्रक टाटा मोटर्सने मे 2005 मध्ये बाजारात आणला. तो पुण्यात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली घडला. त्याआधी शहरातला थोडा माल तीनचाकी टेंपोने जाई; चार चाके हवी असतील तर एकदम मोठ्या गाडीचा खर्च अंगावर घ्यावा लागे. एसचे इंजिन म्हणजे इंडिका मोटारीच्या 1405 सीसी, चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा निम्मा भाग: दोन सिलिंडर, 702 सीसी, 16 अश्वशक्ती. किंमत सव्वादोन लाख रुपयांच्या आसपास होती आणि भारक्षमता 750 किलो. पुढे या कुळातल्या 20 लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या आणि लोकांनी तिला छोटा हत्ती म्हणायला सुरुवात केली.

दूध, भाजी, मंडपाचे सामान असे सगळेच या गाडीने वाहिले. मात्र भंगाराच्या धंद्यात तिने केवळ माल वाहिला नाही, नफ्याची वाटणीही बदलली.

भंगाराचे दुकान हा पुनर्वापराच्या साखळीतला खालून दुसरा टप्पा असतो. कचरावेचक आणि फेरीवाले माल आणतात. दुकानात तो पुठ्ठा, रद्दी, काच, पत्रा, बीड, तांबे, पितळ आणि प्लॅस्टिकचे अनेक प्रकार असा निवडला जातो. तिथून तो ठोक व्यापाऱ्याकडे आणि शेवटी कागद गिरणी, ओतशाळा किंवा प्लॅस्टिकचा दाणा करणाऱ्या कारखान्याकडे जातो. मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लॅस्टिक निवडणे, दळणे आणि धुणे ही कामे दाटीवाटीने एकाच वस्तीत चालतात. बहुतेक ठिकाणी मात्र या टप्प्यांमध्ये काही किलोमीटरचे अंतर असते. मालाने हात बदलला की भाव चढतो आणि ही चढण बहुधा गाडीवाल्याच्या पदरात पडते. हातगाडीवरच्या दुकानदाराने ठोक व्यापाऱ्याच्या ट्रकची वाट पाहायची, तोवर जागा अडवून ठेवायची आणि ट्रक दारात उभा राहिला की व्यापारी सांगेल तो दर मानायचा. स्वतःची गाडी आली की तोच दुकानदार सोसायट्या, छापखाने आणि लहान कारखान्यांतून थेट माल उचलतो आणि एक मध्यस्थ गाळून पुढे पोचवतो. दुसऱ्या वजनकाट्यावर जाऊन भाव विचारण्याची मुभा ही यातली सर्वात मोठी कमाई.

या कामात इंजिनापेक्षा हौदा महत्त्वाचा ठरतो. तो साधारण सव्वासात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असून जमिनीपासून फार उंच नाही, त्यामुळे फाळका पाडून दोन माणसे पोती चढवू शकतात. भंगारात मात्र वजन आणि आकारमान कधीच जुळत नाहीत. 750 किलो भरीव लोखंड दीड फूट बाजूच्या ठोकळ्यात मावेल. उलट न दाबलेल्या पाण्याच्या बाटल्या हौद्याच्या वर सहा फुटांपर्यंत रचल्या तरी दोनशे किलोही भरत नाहीत. डिझेल जळते ते हवा वाहण्यात. म्हणून हौद्याभोवती लोखंडी जाळी उभारली जाते, बाटल्या तुडवून पोत्यांत ठासल्या जातात आणि जरा भांडवल जमले की गासड्या बांधणारे यंत्र येते. गाडीपाठोपाठ हे यंत्र घेणारा दुकानदार शहाणा म्हणावा. दुसरी गाडी घेणारा पुन्हा हवाच वाहतो.

कायद्याचीही या आकाराला मदत झाली. मोटार वाहन कायद्यानुसार एकूण वजन 3,000 किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परवाना लागत नाही. मोठ्या ट्रकना दिवसा जिथे मज्जाव असतो अशा अनेक शहरी रस्त्यांवर ही गाडी चालते आणि जुन्या पेठांच्या बोळांतूनही वळते.

अडचणी सुरू होतात त्या लोखंडापासून. हौदा अर्धा रिकामा दिसत असताना गाडी भरली आहे, हे मनाला पटत नाही. मग स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जादा पाटा घातला जातो आणि टनापेक्षा जास्त माल चढतो. पाटा भार पेलतो. ब्रेक, टायर आणि ॲक्सल मात्र मूळचेच राहतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी केंद्रीय कायद्यात 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. एक दंड अनेक खेपांचा नफा खातो.

दुसरा ताण कर्जाचा. भंगाराचे भाव वरखाली होतात, हप्ता होत नाही. पोलाद किंवा कच्च्या तेलाचे दर पडले की जुन्या मालाची मागणी आटते आणि गाडी दारात उभी राहूनही पैसे मागते. नवी गाडी आठ वर्षांची झाल्यावर तंदुरुस्तीचा दाखला दरवर्षी घ्यावा लागतो. एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष आले आणि नव्या डिझेल गाडीची किंमत व दुरुस्तीची गुंतागुंत दोन्ही वाढल्या. नाक्यावरच्या मिस्त्रीला जुने इंजिन पाठ होते, सेन्सर नाहीत.

मे 2022 मध्ये एसची विजेवरची आवृत्ती आली. तिची भारक्षमता 600 किलो होती. ठरलेल्या मार्गावर रोज फिरून रात्री एका जागी उभ्या राहणाऱ्या गाडीला वीज सोयीची; अडचण आहे ती चढ्या किमतीची आणि चार्जिंगच्या जोडणीची, कारण भंगाराची पुष्कळ दुकाने भाड्याच्या किंवा कच्च्या जागेत असतात. 2024 मध्ये एक टन वाहणारी विजेची आवृत्तीही आली. लोखंडवाल्यांना तिचा उपयोग अधिक. बाटल्या वाहणाऱ्याला हौद्याची लांबीच कमी पडते.